मदत हवी आहे : साट्याच्या करंज्या तेलात उलतात

मंडळी, दिवाळीआधी हा गुंता सोडवा. आमच्याकडे आजी मुरडीच्या (कड बोटांनी मुरडून बंद केलेल्या) करंज्या करायची, कातण (कड कापायचं दातेरी चाक) हातातसुद्धा घ्यायची नाही. लेक सासरी निघाली की शिदोरीत मुरडीचा कानवला (करंजीच) हवाच, म्हणजे लेक मुरडून परत येते, असं आजी म्हणायची. सासूबाई गोव्याच्या. त्यांच्याकडे करंज्यांना नेवऱ्या म्हणतात, त्याही चतुर्थीला. सारण खोबऱ्याचं नाहीतर चण्याच्या डाळीच्या पुरणाचं. दोन्ही मला बऱ्या जमतात.

अडलंय ते साट्याच्या, म्हणजे पदर सुटणाऱ्या करंजीत. रवा-मैदा निम्मा निम्मा, गरम तुपाचं मोहन, दुधात घट्ट भिजवून दोन तास झाकून ठेवते. मग खलबत्त्यात कुटते (शेजारचे विचारून गेले, काय चाललंय म्हणून). साटा तूप आणि कॉर्नफ्लोअरचा, फेसून पांढरा केलेला. तीन पोळ्या साटा लावून एकावर एक, घट्ट वळकटी, लाट्या कापून पदर वर ठेवून लाटते. सारण सुक्या खोबऱ्याचं.

तळायला टाकली की पदर सुंदर सुटतात, पण दहातल्या तीन-चार कडेलाच उलतात. सारण तेलात, तेल काळं, आणि पुढच्या घाण्यावर करपलेल्या खसखशीचे ठिपके! कडेला दूध लावते, तरी तेच. साटा कडेपर्यंत येतो म्हणून चिकटत नसेल का? की सारण जास्त भरतेय? साट्यात तांदळाची पिठी घालणाऱ्यांना हा त्रास होतो का? आणि या करंजीला कातण्यापेक्षा मुरड घातलेली टिकते का, तेही सांगा.