पंचविशीत केस जाताना काळजी करायची नाही, तर कधी करायची?

शनिपारकर

माझा मावसभाऊ 24 वर्षांचा आहे. घर कराडजवळ, सध्या सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून राज्यसेवेची तयारी करतो. गेल्या दिवाळीपासून त्याच्या कपाळाचे दोन्ही कोपरे आत सरकलेत आणि भोवऱ्याच्या जागी माथा दिसायला लागलाय. अभ्यासिकेत तो ट्यूबलाइटखालची खुर्ची घेत नाही. आंघोळ झाली की मोरीच्या जाळीवरचे केस गोळा करतो, कागदावर पसरतो आणि मोजतो. मी स्वतः पाहिलंय.

घरच्यांची दोन उत्तरं ठरलेली आहेत. एक, 'मामावर गेलाय, त्याला कोण काय करणार?' दुसरं, 'टेन्शन घेतोस म्हणून गळतात, टेन्शन सोड.' मला दोन्ही पटत नाहीत. पुरुषांचं नेहमीचं टक्कल टेन्शनने पडत नाही. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकापासून शरीरात डीएचटी नावाचं संप्रेरक तयार होतं. ज्यांच्या केसांची मुळं अनुवंशाने त्याला हळवी असतात, त्यांच्या माथ्यावरचा केस गळून पुन्हा उगवताना दर फेरीला आधीपेक्षा बारीक आणि आखूड उगवतो, आणि शेवटी नुसती लव उरते. कानावरचे आणि मानेकडचे केस टिकतात, कारण तिथल्या मुळांवर डीएचटीचा तसा परिणाम होत नाही. मामाचंही अर्धंच खरं आहे. एक महत्त्वाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो, म्हणजे तो आईकडून येतो, पण बाकीचे कितीतरी वडिलांकडूनही येतात.

आता माझा मुद्दा. यावरची औषधं डोक्यावर उरलेले केस राखायला बरी, गेलेले परत आणायला कमजोर. मग 24 व्या वर्षी काळजी करणारा मुलगा शहाणा, की 'नोकरी लागू दे, मग बघू' म्हणणारे आपण? मुलीचे केस गळायला लागले की घरातले सगळे डॉक्टर शोधतात. मुलगा बोलला की हसण्यावारी नेतात. हे बंद व्हायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहा.

मुठेकाठचा

पूर्णपणे असहमत.

मला 26 व्या वर्षी टक्कल पडलं, आज मी 41 चा आहे. तुम्ही म्हणता वेळेत उपचार करा. उपचार म्हणजे काय, तेही सांगा की. गोळी रोज घ्यायची, द्रावण रोज लावायचं, आणि जन्मभर. थांबवलं की राखलेले केस वर्षभरात जातात. म्हणजे धडधाकट पोराला चोविसाव्या वर्षी पेशंट करायचं आणि पन्नाशीपर्यंत औषधावर ठेवायचं. कशासाठी? माथ्यावर केस असले म्हणजे राज्यसेवेत दोन मार्क जास्त मिळतात का?

मोबाइलवर एकदा 'केस गळती' शोधून बघा. त्यानंतर महिनाभर तेच दिसत राहतं. प्रश्नावली भरा, तुमची स्टेज कळवतो, किट घरपोच पाठवतो. ही भीती आधी पेरली जाते आणि मग विकली जाते. आपल्या आधीच्या पिढीतल्या माणसांना टक्कल पडायचंच, पण तिशीच्या आत कुणी जाळीवरचे केस मोजत नव्हतं.

आणखी एक, जरा स्पष्ट लिहितो, राग मानू नका. तुमच्या भावाचं खरं दुखणं केस नाही. एका खोलीत सहा कॉट, घरून येणारे पैसे, परीक्षेची तारीख कधी पुढे जाईल त्याचा नेम नाही, वय वाढतंय. यातलं काहीच त्याच्या हातात नाही, आरशात मात्र केस रोज दिसतात. म्हणून सगळी चिंता तिथे जाऊन बसलीय. ती केसांच्या डॉक्टरकडे सुटणार नाही.

मी झिरो मशीन मारतो. दर रविवारी पाच मिनिटांचं काम. त्याला घेऊन या, मी बरोबर येतो न्हाव्याकडे.

रेवती_क

मुठेकाठचा, टक्कल लग्नाआधीच पडलं ना तुम्हाला? मग त्या काळात काय काय ऐकावं लागलं, तेही लिहा. 'स्वीकारा' म्हणणं सोपं आहे. स्वीकारायची किंमत मात्र त्या मुलाला मोजावी लागते.

माझ्या धाकट्या भावासाठी स्थळं बघताना आईने वधू-वर सूचक मंडळात त्याचा कॉलेजातला फोटो दिला. दाट केसांचा, एका बाजूला भांग पाडलेला. मुलीकडचे कांदेपोह्यांना आले. भावाने दार उघडलं आणि मुलीच्या वडिलांनी त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं, नवरा मुलगा आत असेल म्हणून. भाऊ तसाच हसून बाजूला झाला. त्यानंतर वर्षभर तो कुठल्याच बघण्याला बसला नाही. नंतर त्या मुलीचा मला मेसेज आला की तिला केसांचं काही वाटलं नव्हतं, जुना फोटो दिल्याचं वाटलं. म्हणजे नुकसान टकलाने जेवढं केलं नाही, तेवढं लपवण्याने केलं.

म्हणून मी शनिपारकरांच्या बाजूने आहे, पण एका बदलासह. औषध द्या किंवा देऊ नका. आधी घरातल्या मोठ्यांनी हा विषय चारचौघांत काढणं थांबवावं. 'अरे, चंद्र उगवला' हे वाक्य मी प्रत्येक लग्नकार्यात कुठल्या ना कुठल्या काकांच्या तोंडून ऐकलंय. त्यात गंमत काहीच नाही.

मुठेकाठचा

रेवतीताई, हो, आधीच पडलं होतं. नकार आले, बरेच आले. तेव्हा वाईट वाटलं हे खरं आहे. पण जे केसांवरून नाही म्हणाले त्यांच्या घरी माझं काय झालं असतं, हा विचार मला आजही पटतो. फोटोचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य.

टँकरवासी

आमच्या वाघोलीच्या सोसायटीत राहायला आल्यापासून माझे, बायकोचे, शेजाऱ्यांचे, सगळ्यांचे केस गळतात. टँकरचं नाहीतर बोअरचं जड पाणी. नळाच्या तोंडाशी पांढरा थर जमतो. आधी पाणी बदला, मग जनुकांचं बोला.

फार्मासिस्ट_कर्वेनगर

टँकरवासी, क्षाराच्या पाण्याने केस राठ होतात, गुंततात, मधेच तुटतात. साबणाला फेस येत नाही म्हणून माणूस जास्त घासतो, त्यानेही तुटतात. पण कोपरे आत जाणं आणि भोवरा उघडा पडणं पाण्याने होत नाही. तसं असतं तर कानावरचे केसही गेले असते, पाणी काय फक्त माथ्यावर पडतं? हेल्मेटचंही तेच. हेल्मेट घालत जा, त्याने टक्कल पडत नाही.

आता मूळ विषय. माझं औषधांचं दुकान आहे, आणि कॉलेजची मुलं रोज काउंटरवर येऊन दबक्या आवाजात टकलावरची फिनास्टेराइडची गोळी मागतात. चिठ्ठी नसते. मी देत नाही. तरी काही जण कुठून तरी याच औषधाची प्रोस्टेट ग्रंथीच्या त्रासावरची 5 मिलिग्रॅमची गोळी मिळवतात आणि ब्लेडने तिचे चार तुकडे करून खातात. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

ही गोळी टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी करणारं विकर (एन्झाइम) अडवते. कल्पना कुठून आली ते वाचण्यासारखं आहे. डोमिनिकन प्रजासत्ताकात काही कुटुंबांमधल्या पुरुषांत हे विकर जन्मतःच कमी असतं. त्यांच्यावरचा अभ्यास 1974 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या पुरुषांची प्रोस्टेट लहान राहते आणि त्यांना नेहमीसारखं टक्कल पडत नाही. त्यातून पुढे औषध निघालं. अमेरिकेत 1992 मध्ये प्रोस्टेटसाठी 5 मिलिग्रॅम आणि 1997 मध्ये केसांसाठी 1 मिलिग्रॅमला मान्यता मिळाली. औषध काम करतं, यात वाद नाही. पण काही पुरुषांत कामेच्छा कमी होते, ताठरतेच्या तक्रारी येतात. बहुतेकांत औषध थांबवल्यावर त्या जातात, काहींनी नंतरही राहिल्याचं सांगितलंय. युरोपीय औषध संस्थेने 2025 मध्ये आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं. प्रमाण कमी असलं, तरी जो मुलगा आधीच खचलेला आहे त्याने डॉक्टरला मनातलं सांगितल्याशिवाय ही गोळी सुरू करू नये. शनिपारकर, तुमच्या भावाच्या बाबतीत मला याची जास्त काळजी वाटते. आणि तुकडे करणाऱ्यांनो, घरात कुणी गरोदर असेल तर तिने फुटलेल्या गोळीला हात लावायचा नसतो.

मिनॉक्सिडिल ही मुळात रक्तदाबाची गोळी होती. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढले, म्हणून डोक्याला लावायचं द्रावण आलं, अमेरिकेत 1988 मध्ये. सुरुवातीचे काही आठवडे केस जास्तच गळतात. बहुतेक मुलं तेव्हाच घाबरून बाटली फेकतात. फरक दिसायला चार-सहा महिने लागतात. घरात मांजर असेल तर द्रावण लागलेले हात आणि उशीचा अभ्रा तिच्यापासून लांब ठेवा, मांजराला ते विषारी आहे.

आणि मोजणी थांबवायला सांगा. रोज 50 ते 100 केस गळणं हे सगळ्यांचंच होतं. दोन दिवस न्हालं नाही की तिसऱ्या दिवशी जाळीवर ढीग दिसणारच.

रात्रपाळी

वय 23, हिंजवडीत सपोर्टला. मला ऑगस्टमध्ये डेंगी झाला. दिवाळीच्या सुमाराला केसांतून हात फिरवला तरी हातात यायचे. सगळ्या डोक्यावरून, कोपरे वगैरे नाही. घाबरून एका क्लिनिकमध्ये गेलो. तिथल्या काउन्सेलरने स्क्रीनवर माझ्या माथ्याचा मोठा केलेला फोटो दाखवला आणि म्हणाली, 'सर, आज निर्णय घेतला नाही तर पुढच्या वर्षी उशीर होईल.' डॉक्टर भेटायच्या आधीच हप्त्यांचा तक्ता समोर आला. मी पहिला हप्ता भरला. पुढे दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञांनी दोन-चार केस ओढून पाहिले, तापाचं विचारलं आणि काही न करता थांबायला सांगितलं. उन्हाळ्यापर्यंत केस भरून आले.

शनिपारकर, तुमचा हेतू चांगला आहे. पण 'वेळेत उपचार' हेच वाक्य वापरून मला लुटलं, म्हणून ते वाचताना त्रास होतो.

फार्मासिस्ट_कर्वेनगर

हे नमुनेदार उदाहरण आहे. डेंगी, टायफॉइड, मोठं ऑपरेशन, उपाशी राहून झटपट वजन कमी करणं, यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस भरभर गळतात आणि बहुतेकांचे आपोआप परत येतात. मधल्या काळात जे काही लावाल त्याला श्रेय मिळतं. निम्म्या तेलांची ख्याती यावरच उभी आहे.

माक्याचं_रान

तेलांना सरसकट नावं ठेवू नका. आजीच्या हातचं माका आणि जास्वंदीचं तेल लावून आमच्या घरात कुणालाच टक्कल नाही. आयुर्वेदात खालित्यावर, म्हणजे टकलावर, सविस्तर उपचार आहेत. आधी पोट, झोप आणि आहार सुधारा. मेसचं तेलकट जेवण आणि रात्री दोन वाजेपर्यंत जागरण करून कुठलीही गोळी काय करणार?

शनिपारकर

माकाताई, मालिश आणि झोप यांना कोण नाही म्हणेल? पण 'टक्कल घालवतो' असं बाटलीवर छापणं वेगळं. 1945 च्या औषध नियमांत शेड्यूल जे आहे. ज्या आजारांवर औषध रामबाण असल्याचा दावा करता येत नाही त्यांची ती यादी, आणि तिच्यात टक्कल आहे. तरी रोज जाहिराती येतात. मुठेकाठचा आणि रात्रपाळी यांचा बाजारावरचा राग मला मान्य आहे.

पण त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. बाजार फसवतो म्हणून डॉक्टरकडेच जायचं नाही? उलट घरचे हसतात म्हणूनच ही मुलं एकटी मोबाइल घेऊन बसतात आणि काउन्सेलरच्या हाती सापडतात. रात्रपाळी, तुमच्याबरोबर त्या दिवशी घरातलं कुणी असतं तर पहिला हप्ता भरला असता का? आणि परीक्षेची चिंता केसांवर जाऊन बसते हे बरोबर असलं, तरी त्याचे कोपरे खरोखर आत गेलेत. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. 'तुझं दुखणं वेगळंच आहे' असं त्याला सांगितलं की तो पुन्हा गप्प बसतो.

मुठेकाठचा

हे शेवटचं वाक्य मान्य करतो. तरी माझा विरोध कायम आहे. डॉक्टरकडे न्या, पण जाताना एक ठरवून जा की वर्षभराने तो स्वतः विचार करेल, हे पुढे चालू ठेवायचं की मशीन मारायचं. नाहीतर एकदा सुरू झालं की थांबवायची भीती वाटते आणि माणूस अडकतो. आणि हेअर ट्रान्सप्लांटचं नाव कुणी काढू देऊ नका. या वयात टक्कल कुठवर जाणार ते कळत नाही. पुढे लावलेले केस राहतात आणि मागचं रान मोकळं होतं. मागच्या बाजूचे काढायचे केसही मोजकेच असतात.

फार्मासिस्ट_कर्वेनगर

ट्रान्सप्लांटबद्दल सहमत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला 2022 मध्ये लिहून सांगावं लागलं की कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहून ही शस्त्रक्रिया शिकता येत नाही. यावरून बाजारात काय चाललंय ते समजा.

शनिपारकर

काल रात्री त्याच्याशी तासभर बोललो. गोळीच्या दुष्परिणामांचा भाग त्याला वाचून दाखवला. त्याला आधी फक्त तपासून घ्यायचंय, गोळीचं नंतर. पैशांचा प्रश्न आहे म्हणून ससून रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात जाऊ, मी रजा टाकतोय. जाण्याआधी रक्ताच्या काही तपासण्या करून नेऊ का?

फार्मासिस्ट_कर्वेनगर

आधी काही करू नका. डोकं पाहून बहुतेक वेळा निदान होतं. गरज वाटली तर ते हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड वगैरे लिहून देतील. तो केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असेल तर डॉक्टरांना आठवणीने सांगा. त्याने थायरॉइडसारख्या तपासण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात. आणि त्याच्या मोबाइलमध्ये माथ्याचे फोटो असतीलच, ते तारखेप्रमाणे लावून न्या. डॉक्टरांना त्यांचा उपयोग होईल.