ऑफिसच्या कामाला ओएलईडी मॉनिटर: घ्यावा की नाही?

शाईपेन
घरून काम. दिवसभर कोड एडिटर आणि एक्सेल, रात्री गेम्स नाहीतर सिनेमा. ३२ इंची ४के क्यूडी-ओएलईडी (ओएलईडीचाच एक प्रकार) डोक्यात आहे. पण जिथे वाचावं तिथे तेच: पडद्यावर कायमचा ठसा (बर्न-इन) उमटू नये म्हणून टास्कबार लपवा, वॉलपेपर काळा ठेवा, ब्राइटनेस उतरवा, पाच मिनिटांत स्क्रीन बंद होऊ द्या. ज्या वस्तूसाठी एवढं सोवळं पाळावं लागतं ती कामाची वस्तू नव्हे, असं माझं स्पष्ट मत. पटत नसेल तर बोला.

रात्रपाळी
नाही पटत. हे सोवळं एकदाच सेट करायचं असतं, रोज नाही. ऑटो-हाइड, डार्क मोड, टाइमआउट, झालं. ब्राइटनेसचं म्हणाल तर घरातल्या खोलीत १२० निट्सच्या (निट म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप) आसपास पुरतात, एलसीडीवरसुद्धा. दुकानात डेमोला लावतात तशी झगमग घरी कोण ठेवतं?

जुनाखोड
शाईपेन यांच्याशी सहमत. यूट्यूबवरच्या मॉनिटर्स अनबॉक्स्डने एक क्यूडी-ओएलईडी मुद्दाम काही काळजी न घेता ऑफिसकामाला जुंपलाय. २०० निट्स, टास्कबार कायम समोर, दोन खिडक्या शेजारी-शेजारी. काही महिन्यांत मधोमध पुसट रेघ दिसायला लागली. दोन खिडक्या शेजारी ठेवणं हा काय गुन्हा आहे? आपण सगळे तेच करतो.

रात्रपाळी
त्याच चाचणीतलं पुढचं पण सांगा ना! ती रेघ सपाट राखाडी पडद्यावर शोधावी लागते, रोजच्या कामात जाणवत नाही. तेही सगळी पथ्यं मोडून. मला तर ती चाचणी वाचून धीर आला.

ठेचाभाकर
दोघेही थांबा. ओएलईडीत एलसीडीसारखा मागून उजेड टाकणारा बॅकलाइट नसतो, प्रत्येक पिक्सेल स्वतः उजेड देतो आणि जितका देईल तितका झिजतो. सगळे सारखे झिजले तर कळणारही नाही. टास्कबार आणि खिडक्यांच्या कडा रोज त्याच जागी, बाकीचं चित्र बदलतं, म्हणून ठसा उमटतो. उजेड आणि उष्णता जितकी जास्त, तितकी झीज लवकर. आमच्याकडे मे महिन्यात बिनएसीच्या खोलीत काय होतं ते विदर्भातल्यांना सांगायला नको. त्यामुळे टास्कबार लपवण्याआधी ब्राइटनेस उतरवा, तो सगळ्या पडद्याला लागू पडतो.

आणि एक गोष्ट इथे कोणी बोललंच नाही. काही तास वापर झाला की मॉनिटर स्टँडबायमध्ये स्वतः पिक्सेल रिफ्रेश चालवतो. त्याने झीज भरून निघत नाही. फरक मोजून करंट जुळवला जातो, एवढंच. पण त्याला वीज लागते. आपल्याकडे काम संपलं की भिंतीवरचं बटण बंद करायची शिस्त असते (आईची शिकवण!), ती इथे नडते. बटण चालू राहू द्या.

शाईपेन
बटणाचा मुद्दा नवीन, आभार. पण अक्षरांचं काय? मित्राकडे ३४ इंची, ३४४०×१४४० वाला पाहिला. क्यूडी-ओएलईडीत प्रत्येक पिक्सेलमधले लाल-हिरवे-निळे ठिपके त्रिकोणात मांडलेले असतात, त्यामुळे आडव्या कडांना हिरवी-गुलाबी झाक येते. इंग्रजीत चालून जातं. मराठीत प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर शिरोरेषा!

ठेचाभाकर
तो साधारण ११० पीपीआय, म्हणजे इंचाला ११० पिक्सेल. ३२ इंची ४के १४० च्या घरात जातो, झाक बरीच कमी दिसते. तरी तुमच्याच फाँटमध्ये तुमचाच मजकूर उघडून बघा, मगच पैसे मोजा.

जुनाखोड
एवढे पैसे मोजून ३ वर्षांनी काय?

रात्रपाळी
२०२२ च्या एलियनवेअर एडब्ल्यू३४२३डीडब्ल्यूपासून बर्न-इन धरून ३ वर्षांची वॉरंटी मिळू लागली, आता इतरही देतात. बिल घेण्याआधी 'बर्न-इन' हा शब्द वॉरंटीच्या कागदात आहे का ते बघा. विक्रेत्याच्या तोंडी शब्दाला किंमत नाही.

जुनाखोड
म्हणजे कंपनीलाही भरवसा ३ वर्षांचाच. माझा आयपीएस (एलसीडीचाच प्रकार) त्याहून जुना आहे आणि टास्कबार अजून जागेवर आहे.

रात्रपाळी
आहे की! आणि रात्रीच्या सिनेमात बॅकलाइटमुळे काळ्याच्या जागी राखाडीही आहे.

शाईपेन
एक्सेलला जुना आयपीएस, रात्रीला ओएलईडी, असे दोन ठेवणारं कोणी आहे का इथे? टेबल ४ फुटांचं आहे.