काळे कपडे विटतात ते गच्चीवर. मिठाची बादली बंद करा!

त्रिमूर्तीनगरकर
मागच्या दिवाळीत इथं नागपुरात बर्डीच्या बाजारातून दोन काळे सुती कुर्ते घेतले. एकच दुकान, एकच कापड. एक मला, एक धाकट्या भावाला. परवा तो पुण्याहून आला आणि दोन्ही कुर्ते पलंगावर शेजारी पडले, तर ओळखू येईनात. त्याचा अजून काळा आणि माझा शाळेतल्या फळ्यासारखा, नुकतंच डस्टर फिरवलेला.

आता गंमत ऐका. रंग टिकावा म्हणून माझ्या कुर्त्याला आई दर धुण्याला मूठभर खडे मीठ घालते. भावाच्या कुर्त्यानं मीठ पाहिलेलंही नाही. फरक एवढाच, की तो भाड्याच्या खोलीत राहतो, गच्चीची किल्ली मालकाकडे, त्यामुळे कपडे आत दोरीवर. आमचे गच्चीवर.

मग मी माझा कुर्ता नीट पाहिला. आमच्याकडे कमरेत दुमडून तारेवर टाकतात. बरोबर त्या घडीवर, पाठीला आडवा, दोन बोटं रुंद राखाडी पट्टा आहे. कॉलर वर केली, तर घडीखाली पहिल्या दिवसाचा काळाकुट्ट रंग. पाणी तिथं गेलं, साबण गेला, मीठही गेलं. गेलं नाही ते फक्त ऊन.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर. कुर्ता वीस मिनिटांत वाळतो, पण उतरवतो कोण? संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर. म्हणजे वीस मिनिटं वाळणं आणि पुढचे आठ तास नुसतं भाजणं. माझं मत स्पष्ट आहे: मीठ, तुरटी, व्हिनेगर सगळं थोतांड. कपडा उलटा करा, सावलीत वाळवा, विषय संपला.

मीठभाकर
विषय इतक्या लवकर संपत नाही रे बाबा. भाऊ पुण्याला, तू नागपूरला. पाणी वेगळं, पावडर वेगळी. तो एकटा राहतो म्हणजे कुर्ता आठवडाभर खुंटीवर आणि रविवारी धुणं. तू रोज घामानं चिंब, रोज धुणं. एवढे सगळे फरक सोडून तुला नेमकं आईचं मीठच दिसलं?

मी नागपूरच्याच महाल भागात ३८ वर्षं संसार केला. संक्रांतीची काळी चंद्रकळा नवीन आणली की आधी मिठाच्या पाण्यात अर्धा तास. साध्या बादलीत टाकली तर पाणी शाईसारखं होतं, मिठाच्या बादलीत जवळजवळ स्वच्छ राहतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, कोणी सांगितलेलं नाही. याला थोतांड म्हणायचं असेल तर आधी दोन बादल्या भरून बघ, मग बोल.

इतवारीवाला
काऊन एवढं डोकं लावून राहिले भाऊ? मी कापडाच्या दुकानात बसतो, रोज पाहतो. कपडा घेतानाच पाहा ना. पांढरा रुमाल ओला करा, कुर्त्याच्या आतल्या शिलाईवर दहा वेळा घासा. रुमाल काळा झाला त् तो कपडा मिठानं बी वाचत नाही अन् सावलीनं बी नाही. दुकानदार तोंड वाकडं करते, करू द्या.

अन् पक्काच काळा पायजे असन त् पॉलिएस्टर घ्या. तो काळा मरत नाही. पण मे महिन्यात नागपुरात घातला त् तुम्ही मरता.

रंगखाता
गिरणीच्या रंगखात्यात २६ वर्षं काढली, म्हणून दोन शब्द. ताईंनी जे पाहिलं ते शंभर टक्के खरं आहे. त्याचा अर्थ मात्र वेगळा आहे.

सुती कापड रंगवताना आम्ही मिठाची पोतीच्या पोती ओतायचो. कापूस पाण्यात पडला की त्याच्यावर जो विद्युतभार येतो, त्याच जातीचा भार रंगावर असतो, त्यामुळे दोघं एकमेकांना लांब ढकलतात. मीठ मध्ये पडून हे भांडण मिटवतं आणि रंग धाग्याकडे सरकतो. पण सरकणं वेगळं आणि धरणं वेगळं. आजचे बहुतेक सुती कपडे रिॲक्टिव्ह रंगांनी रंगवतात. हे रंग १९५६ साली बाजारात आले. त्यांना धाग्याशी पक्कं बांधायला मिठानंतर सोडा घालावा लागतो. तरीही सगळा रंग कधीच बांधला जात नाही. उरलेला काढायला उकळत्या पाण्यात साबणाची धुलाई असते, तिला आम्ही सोपिंग म्हणायचो. पाणी आणि कोळसा वाचवायला कोणी ही धुलाई आवरती घेतली, की तो मोकळा रंग कापडावर बसून थेट तुमच्या घरी येतो.

तुमच्या बादलीत मीठ असलं की हा मोकळा रंग पाण्यात उतरायला कचरतो. पाणी स्वच्छ दिसतं. पुढच्या धुण्याला मीठ नसलं की तोच रंग निघतो, आणि शेजारी पांढरी बनियन असली तर तिच्यावर जाऊन बसतो. म्हणून मी म्हणतो, निघू द्या. पहिली दोन-तीन धुणी वेगळ्या बादलीत, साध्या गार पाण्यात करा. जो जायचा तो जाईल, बांधलेला कुठं जात नाही. तुरटी मंजिष्ठेसारख्या झाडपाल्याच्या रंगांसाठी, तीही रंगवण्याच्या वेळी. दुकानातून आणलेल्या टी-शर्टला तिचा उपयोग नाही.

आता त्रिमूर्तीनगरकरांना. कॉलरच्या घडीखाली ऊन जात नाही, कबूल. पण ब्रश जातो का? मान घासते का? तुमच्या पुराव्यातून दोन चोर निघतात, तुम्ही एकालाच पकडलंय. एखादं भिंग घेऊन कुर्त्याची बाही पाहा. सुताचे बारीक तंतू तुटून उभे राहिलेले दिसतील, बोराच्या काटेरी फांदीसारखे. त्यांच्यावर उजेड विखुरतो आणि काळा राखाडी दिसतो. रंग आत आहे तसाच आहे, वर धुकं आलंय. हे घासण्यानं होतं. दगडावर आपटून, ब्रशनं, नाहीतर मशीनमध्ये जीन्सबरोबर घुसळून.

त्रिमूर्तीनगरकर
काका, ब्रशचा मुद्दा मान्य. आमच्याकडे धुणं-भांड्याला बाई आहेत, त्या कॉलर आणि बाह्या ब्रशनंच घासतात. सांगून ऐकत नाहीत. पण पाठीवरचा पट्टा? तिथं ब्रश कोण मारतो? तो तारेच्या घडीवरच आहे, अगदी पट्टीनं आखल्यासारखा.

रंगखाता
तो पट्टा उन्हाचाच. तेवढं तुमचं बरोबर. रंगाची उन्हातली परीक्षा १ ते ८ अशा मापावर असते आणि धुण्यातली १ ते ५ वर; आकडा मोठा तेवढा रंग पक्का. एकाच रंगाला धुण्यात ४ आणि उन्हात ३ मिळू शकतात. म्हणजे धुण्यात टिकणारा रंगही गच्चीवर मार खाऊ शकतो.

सांजसकाळ
“सांगून ऐकत नाहीत.” हे वाक्य वाचून हसू आलं. चार घरची धुणी करणाऱ्या बाईला तुम्ही घामट कॉलर देता, स्वच्छ निघाली नाही तर बोलता, आणि ब्रश मारला तर रंग गेला म्हणून पुन्हा बोलता. तिनं काय फुंकर मारून मळ काढायचा? कॉलरला आदल्या रात्री पातळ साबण चोळून ठेवा, सकाळी हातानं चोळूनही निघते. पण ते आदल्या रात्रीचं काम तुमचं.

आमच्याकडे वरून उघडणारं मशीन आहे, म्हणून माझा अनुभव सांगते. काळे कपडे उलटे करून, चेन आणि हूक लावून, जीन्स वेगळी. मशीन कोंबून भरत नाही. पावडर बंद केली, पातळ साबण वापरते, कारण गार पाण्यात पावडर नीट विरघळत नाही आणि काळ्यावर पांढरे ओघळ राहतात. शिवाय पावडरीत कपडे शुभ्र दिसावेत म्हणून जे काही घालतात ते पांढऱ्याला ठीक, काळ्यावर मात्र निळसर मळकट झाक आणतं. आणि “गार पाणी” म्हणजे कोणतं हेही एकदा बोलूया. उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला हात लावू देत नाही. दुपारी बाराला मशीन लावलं तर ते गरम पाण्यातलंच धुणं. मी पहाटे साडेपाचला लावते.

बेसा_बोअरवेल
इथं सगळे पेंच-कन्हानच्या नळाचे भाग्यवान दिसतात. आमच्याकडे बोअर. बादलीला आठवड्यात पांढरा खार चढतो, तोच कपड्यांवरही चढत असणार हे मला फार उशिरा सुचलं. बायकोचा काळा पंजाबी ड्रेस वर्षभरात पार विटला म्हणून पोछ्याला काढला होता. फाडायच्या आधी प्रयोग केला. अर्धी बादली पाणी, दोन लिंबं, आणि फक्त एक बाही वीस मिनिटं बुडवून ठेवली. मग साध्या पाण्यातून काढली, घरातच वाळवली. ती बाही दुसरीपेक्षा ठळक काळी निघाली. म्हणजे रंग गेलाच नव्हता, वर खार आणि साबणाचा साका बसला होता. आता महिन्यातून एकदा शेवटच्या पाण्यात लिंबू किंवा पांढरं व्हिनेगर घालतो. म्हणून व्हिनेगर सरसकट थोतांड म्हणू नका. ते रंग पक्का करत नाही, खार काढतं. (ब्लीचच्या बादलीत मात्र चुकूनही ओतू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.)

मीठभाकर
बघा. लिंबू चालतं, मीठ चालत नाही. दोन्ही माझ्याच फडताळातलं.

रंगखातावाले भाऊ, तुमचं म्हणणं समजलं, पण मला एक सांगा. चंद्रकळेला पांढरी बुट्टी किंवा पांढरे काठ असतात. तुमच्या सांगण्याप्रमाणे “निघू द्या” म्हटलं तर निघालेला रंग त्याच पांढऱ्यावर बसेल. मिठानं तो त्या वेळेपुरता दबून राहतो, असं तुम्हीच म्हणालात. मग मी पहिल्या धुण्याला मीठ घातलं आणि काठ वाचवले, यात माझं काय चुकलं?

रंगखाता
ताई, थोडं तुमचं, थोडं माझं. मिठाच्या पाण्यात रंग कमी सुटतो, पण जो सुटतो त्यालाही मीठ कापसाकडेच ढकलतं, मग तो काठ असला तरी. काठ खरे वाचतात ते तुम्ही अर्ध्या तासानंतर साडी तशीच बादलीत ठेवत नसाल म्हणून. भरपूर गार पाणी, झटपट खंगाळणं आणि ओली घडी न घालणं. माझ्या मते त्यात मिठाचा वाटा कमी आणि तुमच्या हाताचा जास्त आहे. साडी रेशमी असेल तर तिचे रंग वेगळे, तिथं पाण्यात व्हिनेगरचे काही थेंब खरोखर उपयोगी पडतात.

कोटबँड
मी हायकोर्टात वकिली करतो, त्यामुळे काळ्या रंगाशी जन्माचं नातं. उन्हाळ्यात खालच्या कोर्टांत कोटाची सक्ती नसते, आम्हाला ती सवलत नाही. माझं विरोधी मत नोंदवून घ्या: रंग विटला तर बिघडलं काय? बारमध्ये कुळकुळीत काळा कोट दिसला की पक्षकार ओळखतो, कालच सनद मिळालेली दिसते. हिरवट झाक आलेला कोट म्हणजे वीस वर्षांची प्रॅक्टिस. जीन्सवाले तर विटकी जीन्स जास्त पैसे मोजून घेतात. निळीचा रंग धाग्याच्या वरच्या थरातच असतो, म्हणून ती झिजते, आणि त्याचीच फॅशन झाली. कुर्त्यानं काय पाप केलं?

इतवारीवाला
वकीलसाहेब, तुमचा हिरवा कोट चालते. आमचं गिऱ्हाईक विटका कुर्ता घेऊन येते अन् नवा बदलून मागते. त्याले काय सांगू, सीनियर झाला म्हणून?

कोटबँड
सांगून पाहा. युक्तिवाद मी फुकट लिहून देतो.

मीठभाकर
हसण्यावारी नेऊ नका. सगळे ऊन नको, ऊन नको म्हणून राहिले. जुलैत झड लागली की घरात वाळवलेल्या कपड्यांना जो कुबट वास येतो, त्याचं काय? अंथरुणं, लहान मुलांचे कपडे यांना ऊन लागलंच पाहिजे. तुमच्या कुर्त्याच्या नादात उद्या लोक सगळंच आत वाळवतील.

सांजसकाळ
काकू, काळे तेवढे आत. पांढरे, चादरी, टॉवेल खुशाल गच्चीवर. आणि मे महिन्यात आत वाळायला वेळ लागतो कुठं? पंख्याखाली रात्री टाकलेले सकाळी इस्त्रीला तयार. कूलरच्या खोलीत मात्र टाकू नका, तिथं दमटपणा असतो, दोन दिवस ओलेच राहतात.

त्रिमूर्तीनगरकर
बरं. मी पहिल्या पोस्टमध्ये “विषय संपला” म्हणालो होतो, ते मागे घेतो. ऊन, ब्रश आणि दुपारचं तापलेलं पाणी, तिघांनी मिळून कुर्ता खाल्ला. मीठ निर्दोष, पण निरुपयोगी. यावर मी ठाम आहे. आईला हा धागा वाचून दाखवला. तिनं रंगखाता काकांचं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “गिरणीत पोत्यानं घालत होते ना? मग मी मूठभर घातलं तर काय झालं?”

काळ्या कपड्यांसाठी मागच्या खोलीत दोरी बांधायचं ठरलंय.

सांजसकाळ
ठरलंय म्हणजे? खिळे कोण ठोकणार?

त्रिमूर्तीनगरकर
मीच. रविवारी.

सांजसकाळ
कोणत्या रविवारी तेही लिही.