कर्जाआधी माल एकसारखा हवा

एका ताईंचं म्हणणं आहे की बचत गटाला कर्ज मिळालं की पुढचं सगळं सुरळीत होतं. इथे इंदूरला मी वेगळं पाहिलंय. सांवेरकडच्या एका गावातल्या बायकांकडून आम्ही दर उन्हाळ्यात बटाट्याच्या वाळवलेल्या चकत्या घेतो. आधी प्रत्येकजण आपापली पिशवी घेऊन शहरात यायची, बसभाडं जाऊन हातात फारसं उरायचं नाही. शिवाय एकीच्या चकत्या जाड, दुसरीच्या पातळ. तळताना निम्म्या करपायच्या. आता एकाच मापाची किसणी, तुरटीचं पाणी एकाच पिंपात, आणि माल घेऊन दोघीच येतात. दुकानदार भाव पाडून मागत नाही.

लिज्जतचंच बघा ना. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली, हे सगळे सांगतात. पण पीठ एका ठिकाणी मळायचं, लाटायला घरी न्यायचं आणि आलेला पापड तपासूनच घ्यायचा, ही शिस्त मला जास्त मोलाची वाटते.

दहा जणी मिळून उत्पादक कंपनीही, म्हणजे माल बनवणाऱ्यांच्याच मालकीची कंपनी, नोंदवता येते. तिथे भाग (शेअर) कमी-जास्त असले तरी मत प्रत्येकीला एकच. हिशेबाची वही मात्र त्यांच्यापैकीच कुणीतरी लिहायला हवी, गावातल्या भाऊसाहेबांनी नव्हे.