मदत हवी आहे: सगळी पात्रं माझ्यासारखीच बोलतायत

एक दीर्घकथा लिहितेय, आजी, तिचा मुलगा आणि नात, पण संवादातली नावं झाकली की कोण बोलतंय तेच कळत नाही. वय, शिक्षण, आवडीनिवडी सगळं आधी वहीत लिहून काढलेलं, फारसा उपयोग नाही झाला. आजी तेवढी जमलीय, कारण ती विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कधीच सरळ देत नाही, भलतंच बोलते आणि त्यातूनच तिची भीती कळते. मुलगा मात्र अडलाय, आईवर जीवही आहे आणि तिचं घर विकायचंही आहे, हे दोन्ही एकाच माणसात खरं वाटायला हवं ना, माझ्याकडून तो एकतर अगदी गुणी होतो नाहीतर थेट व्हिलन. तुम्ही आधी पात्राचा आवाज शोधता की त्याला अडचणीत टाकून बघता? प्लीज सांगा.