शब्दचर्चा : ‘असिस्टेड’ला मराठीत काय म्हणावं? (हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांचा रेडिओवर संपर्क साधायचा छंद)

प्रश्न : सीक्यू वर्ल्डवाइड या हॅम रेडिओच्या जागतिक कॉन्टेस्टचे (स्पर्धेचे) नियम क्लबातल्या नवीन पोरांसाठी मराठीत करतोय. सिंगल ऑपरेटर (एकट्याने स्टेशन चालवणारा) आणि सिंगल ऑपरेटर असिस्टेड (मदत घेऊन) असे दोन वेगळे गट आहेत, तर असिस्टेडला ‘इंटरनेट-सहाय्यित’ चालेल का?

उत्तर : नका हो, इंटरनेट शब्द तिथे घालूच नका, पोरं हमखास गोंधळतील. नियमाचा सगळा जोर क्यूएसओ (रेडिओवरचा संपर्क) अलर्टिंगवर आहे, म्हणजे अमुक कॉलसाइन (स्टेशनची ओळख) तमुक फ्रिक्वेन्सीवर आहे हे तुम्हाला स्वतः डायल फिरवून कानाने ऐकून कळलं की कुणी आयतं सांगितलं. डीएक्स क्लस्टर (कोण कुठे ऐकू आलं ते हॅम एकमेकांना कळवतात ती यादी) आणि रिव्हर्स बीकन नेटवर्क (तेच आपोआप कळवणारे रिसीव्हर) नेटवरून येतात हे खरं, पण सीडब्ल्यू स्किमर (मोर्स वाचणारा प्रोग्राम) आपल्याच पीसीवर, नेटची वायर काढून चालवला तरी तो बँडभरचे मोर्स सिग्नल वाचून कॉलसाइनची यादी समोर मांडतो, म्हणून तोही असिस्टेडच. आणि उलट बाजूने बघा, घरी बसून गावाकडचं स्टेशन नेटवरून रिमोटने चालवलं तर ते बिनअसिस्टेड गटात बसतं, फक्त सगळे ट्रान्समीटर-रिसीव्हर ५०० मीटर व्यासाच्या वर्तुळात हवेत.

उत्तर : सहमत. एआरआरएलच्या (अमेरिकेतल्या हॅम संघटनेच्या) कॉन्टेस्टमध्ये याच गटाला ‘अनलिमिटेड’ म्हणतात, त्याचं ‘अमर्याद’ केलंत तर वाटेल की पॉवर कितीही लावा. मला ‘खबरीसह’ आणि ‘बिनखबरी’ आवडेल, कारण क्लस्टरवरचा स्पॉट म्हणजे खबरच की, १४०२५ किलोहर्ट्झवर सेंट हेलेना बेटावरचा स्टेशनवाला आलाय, पळा!

प्रश्न : खबरीसह मस्त आहे! मग व्हॉट्सॲपवर मित्राला “२० मीटर बँडवर ये, माझ्याशी कॉन्टॅक्ट कर” असं कळवलं तर ते पण खबरीसहच का?

उत्तर : अजिबात नाही, ते कुठल्याच गटात चालत नाही. फोन, नेट, मेसेज असल्या रेडिओबाहेरच्या मार्गाने कॉन्टॅक्ट मागणं सीक्यू वर्ल्डवाइडमध्ये गैरच धरतात, त्याला मदत म्हणू नका, भाषांतरात वेगळं कलम करा. आणि ४८ तासांत मुद्दाम एकदा जरी क्लस्टर उघडून स्पॉट बघितला तरी गट असिस्टेडच निवडायचा, हे ठळक अक्षरात टाका. मराठी शब्द कोणताही ठेवा, पण कंसात मूळ ‘असिस्टेड’ राहू दे, कारण लॉग (कॉन्टॅक्टची नोंद) पाठवताना कॅब्रिलो फाइलीत (लॉगच्या ठरावीक नमुन्यात) असिस्टेड किंवा नॉन-असिस्टेड हेच भरावं लागतं आणि लॉग कॉन्टेस्ट संपल्यावर ५ दिवसांत जायला हवा.