शब्दचर्चा : ‘सुवार्ता सांगणे’, ‘साक्ष देणे’, ‘धर्मप्रचार’ आणि ‘धर्मांतर करणे’

प्रश्न

आमच्या मंडळीतील (चर्चमधील) काही तरुण रविवारच्या उपासनेनंतर रेल्वे स्थानकाबाहेर, बागेत किंवा एसटी स्टँडवर अनोळखी माणसांशी येशू ख्रिस्ताविषयी बोलतात आणि ज्याला हवी असेल त्याच्या हाती नव्या कराराची (बायबलच्या दुसऱ्या भागाची) छोटी प्रत किंवा छापील पत्रक देतात. त्यांच्यासाठी चार पानांची मराठी मार्गदर्शिका लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मंडळीत या कामाला ‘सुवार्ता सांगणे’ किंवा ‘साक्ष देणे’ म्हणतात, वृत्तपत्रांत ‘धर्मप्रचार’ हा शब्द येतो, जुन्या मिशनच्या लिखाणात ‘उपदेश’ आढळतो आणि शेजारीपाजारी सरळ ‘हे लोक धर्मांतर करतात’ असे म्हणून मोकळे होतात. हे सारे एकाच गोष्टीचे पर्यायी शब्द आहेत, की त्यांच्या अर्थांत भेद आहे? मार्गदर्शिकेत कोणता शब्द वापरावा, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर

हे पर्यायी शब्द नाहीत. प्रत्येक शब्द वेगळी कृती सांगतो, आणि एकाच्या जागी दुसरा ठेवला की ऐकणाऱ्याच्या मनात वेगळेच चित्र उभे राहते. सुरुवात ‘धर्मांतर करणे’ या प्रयोगापासून करतो, कारण खरा घोळ तेथेच आहे.

‘त्याने धर्मांतर केले’ आणि ‘त्याचे धर्मांतर केले’ ही दोन्ही वाक्ये मराठीत शुद्ध आहेत. पहिल्यात निर्णय ज्याचा, कर्ताही तोच. दुसऱ्यात निर्णय घेणारा माणूस ‘त्याचे’ या षष्ठीत गेला आहे आणि कर्ता कोणी तिसराच आहे. बाबासाहेबांनी १९३५ मध्ये येवल्याला घोषणा केली आणि १९५६ मध्ये नागपूरला धर्मांतर केले, असे आपण म्हणतो तेव्हा तो त्यांचा स्वतःचा, वीस वर्षे विचार करून घेतलेला निर्णय होता याविषयी कोणाच्याही मनात संदेह राहत नाही. परंतु ‘हे लोक स्टेशनवर धर्मांतर करतात’ या वाक्यात कोणाचे धर्मांतर, हे सांगितलेलेच नाही. षष्ठीतला माणूस वाक्यातून गळून पडला आहे, आणि वाचणारा ती रिकामी जागा ‘भोळ्याभाबड्यांचे’ किंवा ‘गरिबांचे’ अशा शब्दाने आपोआप भरून घेतो. ज्याने फक्त एक पत्रक पुढे केले आणि ज्याने ते न वाचता खिशात घातले, त्या दोघांमध्ये धर्मांतर नावाचे काहीच घडलेले नसते. तरीही वाक्य मात्र ते घडल्याचे सांगून जाते.

हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदात धर्म प्रकट करणे, आचरणे आणि त्याचा प्रसार करणे असे तीन वेगळे हक्क सांगितले आहेत. ‘प्रसार’ हा शब्द तेथे असावा की नसावा, यावर संविधान सभेत १९४८ च्या डिसेंबरात चांगलीच चर्चा झाली होती आणि अखेर तो ठेवला गेला. पुढे ओरिसाने १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये धर्मांतराविषयी कायदे केले. त्यांच्यावरील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली असा निर्णय दिला की, आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगून त्याचा प्रसार करण्याचा हक्क या अनुच्छेदाने दिला आहे, दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क दिलेला नाही. या निर्णयावर मतभेद आहेत आणि त्यांची चर्चा येथे अप्रस्तुत होईल. पण शब्दांपुरते पाहिले तर न्यायालयाने ‘सांगणे’ आणि ‘धर्मांतर करणे’ या दोन क्रिया स्पष्टपणे वेगळ्या काढल्या, एवढे निश्चित. ख्रिस्ती श्रद्धेच्या दृष्टीनेही हेच खरे आहे, कारण अंतःकरण पालटणे हे देवाचे काम मानले जाते. म्हणून कोणाही ख्रिस्ती माणसाने ‘मी अमक्याचे धर्मांतर केले’ असे अभिमानाने म्हणू नये, असे मला मनापासून वाटते.

आता ‘सुवार्ता’. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ चांगली बातमी असा आहे, आणि त्यासाठी मराठीत आधी ‘शुभवर्तमान’ हा शब्द रूढ झाला. त्या काळी तो अगदी चपखल होता, कारण ‘वर्तमान’ म्हणजे बातमी हा अर्थ सर्वांच्या तोंडी होता. पेशवाईतील पत्रांत ‘तिकडील वर्तमान’ कळवलेले असते, आणि ‘वर्तमानपत्र’ या शब्दात तो अर्थ आजही शिल्लक आहे. पण आजच्या मुलाला ‘वर्तमान’ म्हटले की वर्तमानकाळ आठवतो. त्यामुळे ‘मत्तयकृत शुभवर्तमान’ असे ग्रंथाचे नाव म्हणून तो शब्द टिकला, आणि बोलण्यातल्या कामासाठी ‘सुवार्ता’ पुढे आला. या शब्दाची जोडक्रिया ‘सांगणे’ आहे, हे महत्त्वाचे. बातमी सांगतात. ती लादता येत नाही आणि ती ऐकून काय करायचे हे ऐकणारा ठरवतो.

‘साक्ष’ हा त्याहून अरुंद आणि अधिक जबाबदारीचा शब्द आहे. न्यायालयात साक्षीदाराने स्वतः पाहिलेले आणि अनुभवलेले सांगायचे असते, ऐकीव गोष्ट पुरावा म्हणून चालत नाही. मंडळीतही ‘साक्ष देणे’ म्हणजे प्रभूने माझ्या आयुष्यात काय केले ते माझ्या तोंडून सांगणे, इतकाच त्याचा खरा अर्थ आहे. दुसऱ्याच्या आजारपणाची सांगोवांगी कथा रंगवून सांगणे ही साक्ष नव्हे. या शब्दाचे वजन किती, हे कळायचे असेल तर श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्याला ख्रिस्ती मराठीत ‘रक्तसाक्षी’ म्हणतात, हे ध्यानात घ्यावे. मूळ ग्रीक भाषेत साक्षीदार आणि हुतात्मा यांना एकच शब्द आहे.

‘उपदेश’ मात्र मी आजच्या कामासाठी घेणार नाही. एकोणिसाव्या शतकात मिशनरी आणि त्यांचे देशी सहकारी बाजारात, जत्रेत, देवळांच्या आसपास उभे राहून बोलत, आणि त्या कामासाठी तो शब्द योग्य होता. उपदेश करणारा थोडा उंचावर असतो आणि ऐकणारे खाली. पण त्याच काळात मराठीत याहून चांगला प्रकार घडला, आणि त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही, याचे मला दुःख वाटते. १८५७ च्या पहिल्या सहामाहीत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांच्यात सर्वांसमक्ष वाद झाले. अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन यांनी त्यांचा वृत्तांत त्याच वर्षी प्रसिद्ध केला. उघड्या जागी, अनोळखी श्रोत्यांपुढे, दोन्ही बाजूंनी प्रश्न आणि उत्तरे. त्या व्यवहाराला ‘वाद’ म्हणत. आज या शब्दाला भांडणाचा वास येतो, पण त्या वेळी त्यात समोरच्याला उत्तर देण्याचा पूर्ण अधिकार गृहीत होता. रस्त्यावर श्रद्धेविषयी बोलणाऱ्याने तो अधिकार समोरच्याला आजही दिला पाहिजे.

आणखी एक उदाहरण मराठी वाचकांच्या अधिक परिचयाचे आहे. १८९३ मध्ये कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने जात असताना एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना आदराने जागा करून दिली. बोलणे निघाले ते कवितेवरून. त्यातून पुढे धर्माचा विषय आला आणि त्या गृहस्थाने नवा करार त्यांच्या हाती दिला. टिळकांनी तो वाचला, त्यावर विचार केला, पत्रव्यवहार केला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आता या सगळ्याला ‘त्या गोऱ्या माणसाने टिळकांचे धर्मांतर केले’ असे म्हणून पाहा. वाक्य किती खोटे वाटते! गाडीत जे घडले ते सुवार्ता सांगणे होते. पुढची जवळजवळ दोन वर्षे जे चालले ते टिळकांचे स्वतःचे मंथन होते, आणि धर्मांतर केले ते टिळकांनीच. तीन कृतींना तीन शब्द आहेत आणि मराठीत ते तिन्ही तयार आहेत. पुढे १९१७ मध्ये टिळकांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ स्थापला तेव्हा बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांना त्यात जागा ठेवली. ख्रिस्ताचे ऐकणे आणि आपला समाज सोडून दुसऱ्या समाजात जाणे या गोष्टी ते किती वेगळ्या मानत, हे त्यावरून दिसते.

आणखी एक मत

मी वृत्तपत्रात काम करतो. वरचे विवेचन मान्य आहे, तरी ‘धर्मप्रचार’ या शब्दात चूक काय, हे मला समजले नाही. बातमीच्या मथळ्यात जागा थोडी असते आणि हा शब्द तटस्थ आहे, अशी आमची समजूत आहे.

उत्तर

शब्द चूक नाही, पण तो पूर्वीइतका तटस्थ राहिलेला नाही. ‘हा शब्द आता प्रचारात नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा प्रचार म्हणजे वापर, चलन. तो जुना अर्थ निरुपद्रवी होता. आज मात्र प्रचार म्हटला की निवडणूक डोळ्यांसमोर येते : कर्णे लावलेली जीप, कार्यकर्ते, प्रतिपक्षावर टीका आणि शेवटी मतांची मोजणी. एखाद्या संस्थेने आखलेल्या मोहिमेला ‘धर्मप्रचार’ म्हटल्यास माझी हरकत नाही. परंतु बाकावर शेजारी बसलेल्या माणसाशी दहा मिनिटे बोलणाऱ्या एकट्या मुलीला ‘धर्मप्रचारक’ म्हटले की तिच्यामागे नसलेली यंत्रणा उभी केली जाते. ‘प्रसार’ त्या मानाने सौम्य आहे. शिक्षणप्रसार, ग्रंथप्रसार असे चांगले सोबती त्याला आहेत आणि संविधानाच्या मराठी पाठातही तोच आहे. मथळ्यासाठी तो अक्षरानेही लांब नाही.

बातमीत याहून चांगला मार्ग म्हणजे नाम टाळून घडलेली कृती लिहिणे. ‘स्थानकाबाहेर बायबलची पत्रके वाटणाऱ्या दोघांना पोलिसांनी ताब्यात घेतले’ असे लिहिले की वाचकाला काय घडले ते कळते. ‘धर्मांतर करणाऱ्या दोघांना’ असे लिहिले की जो आरोप अद्याप सिद्ध व्हायचा आहे, तो मथळ्यातच सिद्ध होऊन बसतो. प्रलोभन किंवा दबाव यांचा आरोप असेल तर तसे स्पष्ट लिहावे आणि कोणाचा आरोप, तेही लिहावे.

वसईहून

आमच्या कॅथलिक वापराविषयी थोडी भर घालतो. मिस्सेत (आमच्या चर्चमधील मुख्य उपासनेत) जे वाचन होते त्याला आम्ही अजूनही ‘शुभवर्तमान’च म्हणतो, आणि तो शब्द आमच्या आजीआजोबांपासून नातवंडांपर्यंत कोणालाही जड वाटत नाही. मात्र वसईतून निघणाऱ्या आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी दीर्घकाळ संपादित केलेल्या मासिकाचे नाव ‘सुवार्ता’ आहे, आणि ते ख्रिस्तेतर वाचकांच्या घरीही पोहोचले. त्यामुळे हा शब्द बाहेर कळत नाही, असे मुळीच नाही. ‘साक्ष’ हा शब्द आमच्याकडे तोंडी बोलण्यापेक्षा जगण्याला अधिक लावतात. आजचा माणूस शिक्षकांपेक्षा साक्षीदारांचे अधिक ऐकतो, असे पोप सहावे पॉल यांनी १९७५ मध्ये लिहिले होते. चौकात उभे राहून बोलण्याची रीत आमच्याकडे फारशी नाही, पण शेजाऱ्याच्या घरी मयत झाली असता चार दिवस तेथे राबणाऱ्या बाईची साक्ष मोठी असते, हे गावात सर्व जाणतात.

प्रश्नकर्त्याकडून

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. मार्गदर्शिकेत कामाचे नाव ‘सुवार्ता सांगणे’ असेच ठेवतो आणि स्वतःच्या अनुभवापुरता ‘साक्ष’ हा शब्द राखून ठेवतो. दोन शंका उरल्या आहेत. वाटायच्या कागदाला आमच्याकडे ‘पत्रिका’ म्हणतात, ते चालेल का? आणि ‘ओझे’, ‘आत्मे जिंकणे’ हे शब्द घ्यावेत का?

उत्तर

‘पत्रिका’ हातात दिली की समोरचा प्रथम विचारतो, ‘कोणाचे लग्न?’ किंवा त्याला कुंडली आठवते. ‘पत्रक’ म्हणावे, सर्वांना कळते.

‘अमक्या गावाचे ओझे आहे’ म्हणजे त्या गावाची कळकळ वाटते, हे मंडळीत बसणाऱ्यालाच समजते. बाहेरच्याला आपण कोणाच्या तरी डोक्यावरचा भार आहोत असे वाटेल. तेथे ‘कळकळ’ हा उत्तम मराठी शब्द हाताशी आहे. ‘आत्मे जिंकणे’, म्हणजे लोकांना ख्रिस्ताकडे आणणे, हा प्रयोग मात्र मी पूर्णपणे वगळीन. तुमच्या तरुणांपुढे उभा राहणारा माणूस नाव, गाव, कामधंदा असलेला माणूस आहे. जिंकणे आले की कोणीतरी हरणे आले, आणि ते ऐकल्यावर तो पुढचे काही ऐकून घेणार नाही.

नव्या करारातील पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, तुमच्या आशेविषयी कोणी विचारले तर उत्तर देण्यास नेहमी सिद्ध असा, पण ते ‘सौम्यतेने व भीडस्तपणाने’ द्या, असे सांगितले आहे. ‘भीडस्तपणा’ या शब्दाला आज आपण दुबळेपणा समजतो. भीड म्हणजे समोरच्याचा मान राखण्यासाठी स्वतःला आवरणे. अनोळखी माणसाशी बोलताना तेच लागते, म्हणून त्या शब्दाचा हा अर्थ मार्गदर्शिकेत आवर्जून द्यावा. पहिले वाक्य असे ठेवता येईल : ‘आपण सुवार्ता सांगण्यास जातो, ऐकणाऱ्याला वेळ आहे का हे आधी विचारावे, त्याने नको म्हटल्यास नमस्कार करून बाजूला व्हावे, आणि त्याने प्रश्न विचारल्यास तो पूर्ण ऐकून मगच उत्तर द्यावे.’